मांडवाचं लाकूड

आमच्या गल्लीत आज कुणाच्या चुलीवर काय शिजणार हाय, ते मला मिलचा पैला भोंगा व्हायच्या आत कळतं. "सुमन, जरा जाड बाभूळ बघून दे गं," असं कुणी म्हणलं की समजायचं, पुरण न्हाईतर मटण. नुसत्या काटक्या मागितल्या की चहा आन् कालची भाकरी. मधल्याच वारी दोन कवळी लाकूड नेलं की पाव्हणे आलेत, आन् ते नेताना बाईनं तोंड वाकडं केलं की सासरकडचे आलेत. आन् एखादी बाई लई दिवस आलीच न्हाई की समजायचं, चूल पेटलेली न्हाई. मग मी पोरीला कडेवर मारते, तिच्या दारावरनं उगीच जाते, आन् चार ढलप्या हातातनं सांडल्यागत करून तितंच सोडून येते. बोलत काय न्हाई. बोललं की तिला वाईट वाटतं आन् मला रडू फुटतं.

बालवाडीच्या बाई म्हणल्या, आपल्या भागाच्या दिवाळी अंकात ह्या वर्षी तू लिही, तुझ्या लाकडाचं. मी म्हणलं, बाई, मी चौथीतनं शाळा सोडलेली, मला काना-मात्रा कळत न्हाई, लोकं हसतील. त्या म्हणल्या, बोलतीस तसं लिही, मधी थांबू नको म्हंजे झालं. थांबायला मला तसं बी जमत न्हाई. भ्यालं की मी जास्तच बोलते, आन् भ्या तर मला कशाचं बी वाटतं. पालीचं, पोस्टमनचं, विजेच्या बटणाचं, सासूबाई सांगोल्यावरनं येणार म्हणलं की त्याचं.

हा धंदा सुरू झाला तो बी भ्यामुळंच.

आमचे हे टेशनामागच्या लाकडाच्या वखारीत करवतीवर हायेत. मोठा ओंडका करवतीत घातला की चारी अंगानं साल आन् कडा निघतात. त्याला गिऱ्हाईक नसतं. शनवारी वखारीचा मालक म्हणतो, "घेऊन जावा बे सगळी, जागा मोकळी करा." मग हे हातगाडी भरून घरी आणतात. तवा आमी दोन माणसं आन् थोरली पोर तान्ही, आमची चूल खाऊन खाऊन किती खाणार? एका खोलीच्या घरात लाकूड खिडकीपतोर गेलं, मग खिडकीच्या वर गेलं, मग दिवसा बी कंदील लावायची पाळी आली. मला टाकवंना. दुष्काळात मी शेणाच्या गवरीसाठी बायका भांडताना बघितल्यात, लाकूड टाकायचं म्हणजे मला अन्न टाकल्यागत वाटतं.

तर एके दिवशी दुपारी त्या ढिगातनं इच्चू निघाला. चांगला काळा, बोटाएवढा, आन् शेपूट उचलून पाळण्याच्या दिशेनं निघाला. मी पोरीला उचलली आन् ट्रंकेवर चढून जी बोंब ठोकली, ती म्हणे मिलच्या फाटकापतोर ऐकू गेली. शेजारच्या काशीमावशीची शांता धावत आली. लाटणं घेऊन आली ती. इच्चू मारला, लाटणं धुतलं, आन् कमरेवर हात ठेवून ढिगाकडं बघत म्हणली, "वैनी, एवढं लाकूड घरात भरून ठेवलंय, तुला काय मांडव घालायचाय का?"

"मग काय करू गं?"

"वाटून टाक की! माझी आई पार वखारीपतोर जाती लाकडाला."

मी वाटलं. वाटलं तर कुणी वाटीभर तेल आणून दिलं, कुणी कांदे दिले, कुणी हातावर पैसे ठेवले. मी भिऊन ह्यांना दाखवले. हे म्हणले, "चोरी केली न्हाईस ना? मग घे की." असा धंदा.

ही शांता लग्न होऊन मी सोलापुरात आले तवापासनं माझी सोबतीण. मला नळावर नंबर कसा लावायचा ते तिनं शिकवलं. बाळंतपणात दवाखान्यात माझा हात धरून तीच बसली, मी तिच्या मनगटाला नखं रुतवली त्याचे वण अजून हायेत. आन् भुशाची शेगडी तिनंच शिकवली. ज्यांनी बघितली नसंल त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली बाजूला एक भोक पाडायचं. डब्याच्या मधी बाटली उभी धरायची, भोकात एक गोल दांडकं बाटलीला टेकंल असं आडवं सारायचं. मग भवतीनं वखारीतला लाकडाचा भुसा ठासायचा, पार दगडागत घट्ट. मग दांडकं काढायचं, आन् बाटली फिरवत फिरवत हळूच वर ओढायची. मधी बोगदा राहतो. खालच्या भोकातनं जळती काटकी सारली की शेगडी लागली. धूर न्हाई, फुंकायला नको, डाळ शिजती, पाणी तापतं, आन् पोर झोपतं तवर ती आपली जळत राहती. फकस्त बाटली ओढताना हात हलला की सगळं ढासळतं. माझा हात हलायचाच. शांता म्हणायची, "वैनी, श्वास धर. बाटली काढताना बोलायचं न्हाई." आयुष्यात गप बसायचं मी तेवढ्याच कामात शिकले.

आता मापाचं सांगते. माझ्याकडं काटा न्हाई. मी कवळीवर देते, म्हणजे दोन हातांत मिठी मारून मावंल तेवढं एक माप. पण मी बारकी, माझे हात बारके. गिऱ्हाइकं म्हणायची, "सुमन, तू जरा वाढ की गं." त्यातनं पोटात धाकटी पोर होती तवा तर पोट पुढं यायला लागलं, तसतशी कवळ कमी भरायला लागली. हजराबी म्हणली, "ये क्या जी सुमन, बच्चा तेरा, घाटा हमारा?" तवापासनं माप तिच्या हातानं. हजराबी चांगली दणकट, मिलच्या फाटकापाशी भज्याची गाडी लावती, तिनं मिठी मारली की अर्धा ढीग जातो. ती माप घालायला उभी राहिली की मी डोळे मिटते.

समोर नरसव्वा अक्का. त्यांच्या घरात हातमाग हाय, अण्णा लुगडी विणतात. सुताला लावायची खळ शिजवायला अक्काला एकसारखा जाळ लागतो. कमी झाला की खळ पाणचट, जास्त झाला की गाठी. म्हणून ती साग कधी घेणार न्हाई. साग भडकन पेटतो आन् निखारा न ठेवता मरतो. लिंब ती हजराबीच्या माथी मारायला सांगती आन् हजराबी तिच्या. कारण लिंबाच्या धुराचं भजं कडू लागतं.

आन् गल्लीच्या टोकाला टायमकीपरकाका. मिलमधी माणसं किती वाजता आत आली ते बघायचं त्यांचं काम. एकटे राहतात. त्यांना लाकडं सगळी एका लांबीची लागतात. एक हात आन् चार बोटं. जास्त न्हाई, कमी न्हाई. घेतल्यावर ती भिंतीला लायनीत उभी करतात आन् ज्याचं डोकं वर येतं ते बाजूला काढून ठेवतात, उशिरा आलेल्या कामगारागत. मला त्यांचं लई भ्या वाटायचं. पण त्या सवयीनं पुढं माझी अब्रू वाचवली, ते आता सांगते.

शांताचं लगीन ठरलं. दुधनीचं स्थळ, अडत दुकानात नवरा मुनीम, माणूस शांत. सासू मात्र तिखट. लग्नात विहिणीचे पाय धुवायचं पाणी मी तापवलं होतं, पण ते दारापतोर जाईतो कुणीतरी त्यात गार ओतलं, आन् ती बाई पाय मागं घेऊन म्हणली, "सोलापुरात लाकडं महाग झाली वाटतं." सगळ्या मांडवात ऐकू गेलं. काशीमावशीचा चेहरा उतरला. मी बंबाच्या मागं लपून बसले, जेवायला बी आले न्हाई.

लगीन झालं, शांता गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणली, "बाटली काढताना श्वास धर."

दुसऱ्या दिवशी मांडववाल्याची माणसं आली. लग्नसराई, त्यांना कुटं दुसरा मांडव घालायचा होता. कापड सोडलं, वासे उपटले, घाईत जे लागलं ते हातगाडीवर टाकलं, जे त्यांचं नव्हतं ते भिंतीला ढीग करून गेले. काशीमावशी आत भांडी मोजत बसली होती, घसा बसलेला. आतनंच ओरडली, "सुमन, चुलाणापाशी लाकूड उरलंय बघ, घेऊन जा बाई, पायात येतंय."

मी चुलाणापासचं आणलं. भिंतीपासचं बी आणलं. त्यात एक चांगला दंडाएवढा जाड खांब होता, पुरुषभर उंच. पाला न्हाई, फूल न्हाई, काय न्हाई, हजराबीची शेळी सुलताना तिथंच चरत होती हे मला दिसलं होतं पण डोक्यात शिरलं न्हाई. कुऱ्हाड मारली तर आतनं पांढरं, आन् बोटांना चीक लागला. म्हणलं, ओलं हाय. आडवे तीन तुकडे केले, मग तिन्ही उभे फोडले, फाळकी केली. ओलं लाकूड मी सांगितल्याशिवाय देत न्हाई. नरसव्वाला सांगितलं, अक्का, चार दिवस उन्हात टाक. हजराबीला सांगितलं. टायमकीपरकाकांना सांगितलं तर ते म्हणले, "लांबी काय हाय?"

वाचणाऱ्यांतल्या बायका आत्ता कपाळाला हात लावत असतील. मला कळायला पाहिजे होतं, खरं हाय. पण माझं लगीन दुष्काळात झालं. खडी फोडायच्या कामावरनं सुट्टी घेऊन, देवळाच्या ओसरीत, दोन हार आन् गूळ. मांडव घातलाच न्हाई. ज्या पोरीच्या दारात मांडवच पडला न्हाई, तिला त्याचा एकेक खांब कसा ओळखू येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुसा ठासत होते. बाटली अर्धी वर आली होती, श्वास धरलेला, आन् दारात नरसव्वा. डोळे लालभडक, पदर नाकाला, हातात एक धुमसतं फाळकं.

"अय्यो, काय लाकूड दिलीस गं तू! माझी चूक, मी वाळवलं न्हाई. पण एवढा धूर? अण्णा मागावरनं उठून रस्त्यावर जाऊन बसला. जळंना, इझंना, नुसतं रडतंय बघ, टोकातनं फेस!"

तेवढ्यात शेजारनं काशीमावशीचा आवाज. बसलेला घसा एका दमात सुटला होता.

"माझी मेढ कुटं गेली? अगं बाई, माझ्या मांडवाची मेढ कुणी नेली? दाराच्या उजव्या अंगाला होती की! उंबराची! आत्ता दुपारच्या एसटीनं पोरगी माघारी यायची, जावई यायचा, ती इहीण यायची, मी पूजा कशाची करू?"

बाटली माझ्या हातातनं निसटली. सगळा भुसा ढासळला.

नरसव्वानं हातातल्या फाळक्याकडं बघितलं. साल जिथं सुटली होती तिथं हळदीनं पिवळा झालेला दोरा चिकटलेला. तिनं ते लाकूड चटकन पदरात गुंडाळलं, तसंच धुमसतं. "सुमन," ती हळूच म्हणली, "ही तर मेढच हाय. आमच्या तेलुगूत पंदिरी राट म्हणतात. आमच्यात बी पुरतात. चीक येणाऱ्या झाडाचीच लागती."

मांडवाचा पैला खांब म्हणजे मेढ. मुहूर्त बघून, पूजा करून पुरतात, देवाला आवतन तिथंच. पोरगी पैल्यांदा माघारी येती तवा तिच्यापुढं पूजा करून मग ती काढायची, तवर हात लावायचा न्हाई. आन् मी ती फोडून तीन चुलींना वाटली होती.

मला वाटलं, ट्रंकेवर चढावं. पण ट्रंकेवर चढून ह्यातनं सुटका नव्हती. मला नजरेसमोर शांता दिसत होती. त्या सासूला नुसतं गार पाणी लागलं तर तिनं मांडवभर ऐकवलं. मेढ चुलीत गेली हे कळलं तर? उद्या शांताला ताप आला तरी मेढ, दुकानात खोट आली तरी मेढ, दूध नासलं तरी मेढ. जन्मभर तिच्या नावावर. आन् हे केलं कुणी, तर जिनं तिच्या मनगटाला नखं रुतवली, त्या मीच.

मी पोरीला कडेवर घेतली आन् काशीमावशीच्या दारात जाऊन उभी राहिले. सांगितलं म्हणण्यापेक्षा तोंडातनं पडलं. "मावशी, मी फोडली."

"काय फोडली?"

"मेढ."

तिच्या शिव्या मी हितं लिहीत न्हाई, अंक पोरं बी वाचतात. मी, माझे हे, माझी सासू, आमची वखार, सगळ्यांचा उद्धार झाला. मग ती पायरीवर बसली आन् एकदम लहान पोरीगत रडायला लागली. "मीच तुला म्हणलं गं, घेऊन जा म्हणून. आता माझ्या पोरीचं काय?"

तवर गल्ली जमली. कुणी म्हणलं, दुसरी फांदी आणू, देवळामागं उंबर हाय.

"दुसरी कशी चालंल?" काशीमावशी ओरडली. "हळद हिला लागली, आवतन हिच्यापाशी दिलं. दुसरी म्हणजे नुसता खुंटा!"

हजराबी भज्याचं पीठ लागलेले हात पुशीत पुढं आली. "टुकडे हुए तो क्या हुआ जी? लकडी तो वोइच है ना?"

मग नरसव्वानं पदरातलं फाळकं काढून पायरीवर ठेवलं. पदराला भोक पडलं होतं. "माझ्याकडं अजून एक हाय," ती म्हणली.

आन् मग मला माझं मलाच ऐकू आलं, "मी बांधते. मला मोळी बांधता येती."

ती सकाळ मी कशी पळाले ते माझं मलाच ठाऊक. पोर कडेवर खिदळतीय, तिला वाटलं खेळ चाललाय. हजराबीच्या अंगणात गेलो तर एक फाळकं तिनं जमिनीत ठोकून त्याला सुलतानाला बांधलेलं. उपटायला गेले तर सुलताना शिंगं खाली करून उभी. पैल्यांदा पाला खाल्ला, आता खांब बी सोडायला तयार न्हाई. हजराबीनं तिला भजं दाखवून हलवली. दुसरं फाळकं गाडीच्या चाकाला उटी म्हणून लावलेलं. ते काढलं तर भज्याची गाडी उतारानं निघाली, चार बायकांनी धरली.

टायमकीपरकाकांकडं सगळ्यात शेवटी गेले. भिंतीला सगळी लाकडं लायनीत, आन् दोन बाजूला पडलेली.

"ही दोन तुझी परत ने," काका म्हणले. "दोन-दोन बोटं जास्त हायेत. बसली न्हाईत."

मी त्यांच्या पायाच पडले. ते घाबरून मागं सरकले. काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरची मापाची काठी घेतली आन् चपला न घालताच माझ्या मागं आले.

सगळी फाळकी जमली. उंबर ओला होता म्हणून एक बी जळलं न्हाई, नरसव्वाचं फकस्त एका टोकाला काळं झालेलं. काकांनी काठीनं मापून सांगितलं, कुठलं कुणाला लागून फोडलं होतं ते. तुराट्यांची लांब मोळी बांधतात तशी मी बांधली. एका फाळक्याचा शेवट दुसऱ्याच्या पोटाशी, म्हणजे जोड एका जागी येत न्हाईत. मधी आधाराला कामटी. काळी बाजू आत. काथ्या पाण्यात भिजवून आवळला, म्हणजे वाळंल तसा घट्ट बसंल. गाठ मारताना श्वास धरला, एक शब्द बोलले न्हाई. काशीमावशी म्हणली, "आज पैल्यांदा ही पोरगी गप बघितली."

मेढ उभी राहिली. उंचीनं कमी झालती आन् अंगानं भरलती.

"उंच गेली आन् बुटकी होऊन आली," मावशी म्हणली, पण तिनं हळद-कुंकू लावलं, हात जोडले, मेढीशी काहीतरी पुटपुटली. माफीच मागत असणार. आंब्याचा पाला बांधला. सुलतानाला गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

दुपारी टांगा आला. शांता उतरली, हिरवा चुडा, चेहरा उन्हानं लाल. जावई उतरला. मग विहीणबाई. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. मी स्वतः बोट बुडवून बघितलं होतं, कडक तापलेलं. ह्या खेपेला तिनं पाय मागं घेतले न्हाईत. मग तिची नजर मेढीवर गेली. पाल्याच्या खाली काथ्याचे वेढे दिसत होते. ती जवळ गेली. वाकली. बोटानं एक जोड चाचपला.

"लग्नात तर आखा खांब होता," ती म्हणली. "हे काय बांधलंय?"

सगळी गल्ली दारात उभी. शांतानं माझ्याकडं बघितलं. तिला माझा चेहरा वाचता येतो, तिचा हात चुड्यासकट गळ्याशी गेला.

काशीमावशीनं पदर सावरला.

"लग्नाला आखाच लागतो, इहीणबाई," ती म्हणली, अगदी शांत. "माघारी येताना गल्ली बांधती. ज्या ज्या चुलीनं लेकीला घास घातला, त्या त्या घरातनं एक फाळकं येतं. ही नरसव्वाची चूल. ही हजराबीची. हे त्या काकांच्या घरचं. आमच्या गल्लीची रीतच हाय तशी."

मला वाटलं आता हसू फुटणार कुणाला तरी. पण हजराबी गंभीर होऊन मान हलवायला लागली, "रीत है जी, रीत है." नरसव्वानं पदराचं भोक मुठीत धरलं. टायमकीपरकाका म्हणले, "माप बी ठरलेलं असतं."

विहीणबाई सरळ उभी राहिली. मग ती एकेका दाराकडं बघत गेली, एकेका बाईकडं. आवाज जरा खाली आला तिचा.

"एवढ्या चुलींवर जेवलीय ही?"

"व्हय," शांता म्हणली. आन् ते तर खोटं न्हवतंच.

"मग ह्यात आमच्या घरचं कुटं हाय?" विहीणबाई म्हणली. "आता आमच्या चुलीवर जेवती की ती."

एवढी पुढची रीत काशीमावशीनं अजून केली न्हवती. आन् मग कोण बोललं असंल? मी बोलले. भ्यालं की मला गप बसवत न्हाई.

"तुमचं पुढल्या खेपेला, मावशी," मी म्हणलं. "जागा ठेवलीय."

ती मला वरपासनं खालपतोर बघत राहिली. "तूच व्हय ती लाकडंवाली?" आन् मेढीपुढं वाकून तिनं हळद-कुंकू वाहिलं.

रातच्याला शांताला सगळं सांगितलं तवा ती हसून हसून भिंतीला टेकली, मग थोडी रडली, मग परत हसली. म्हणली, "वैनी, तू मेढ फोडलीस म्हणून माझी सासू पैल्यांदा माझ्याशी नीट बोलली." पूजा करून मेढ काढली तवा फाळकी चुलीत घातली न्हाईत. तळ्यात सोडायला आमचे हेच घेऊन गेले, खांद्यावर, वखारीत जायच्या आधी.

पुढं शांता डोहाळजेवणाला आली. सोबत सासू. एसटीच्या टपावरनं कंडक्टरनं गोणपाटात बांधलेलं काहीतरी उतरवलं, आन् विहीणबाई ते माझ्या दारात आपटून म्हणली, "घे. दुधनीची बाभूळ हाय. इकू नको, जागा ठेवलीय म्हणली होतीस." मी तो ओंडका फोडला न्हाई. लाकडांच्या ढिगाच्या सगळ्यात वर असतो. इच्चू बी त्याच्या वाटंला जात न्हाई.

आता गल्लीत दोन घरी गॅस आलाय, आन् स्टोवाची फरफर ऐकू येती. टायमकीपरकाका म्हणतात, गॅसला लांबी नसते, काय मजा न्हाई. शांता तिकडं दुधनीला दोन पोरांत अडकली, शेगडी मी एकटीच ठासते, बाटली ओढताना तिचा आवाज ऐकल्यागत होतो. लाकूड कमी जातं. पण लग्नाचं लाकूड अजून माझ्याकडनंच जातं, आन् लग्न झालं की मला निरोप येतो, सुमन, मेढ बांधायला ये. कारण त्या दिवसापासनं गल्लीतल्या सगळ्या लेकींची माघारी येतानाची मेढ अशीच बांधतात. घराघरातनं फाळकं येतं, हजराबीकडनं येतं, गॅसवाल्यांकडनं बी येतं, ते आदल्या दिवशी माझ्याकडनंच इकत नेतात आन् दुसऱ्या दिवशी मलाच आणून देतात.

परवा नरसव्वाच्या पोरीची बांधत होते. व्याह्यांच्या बाजूचे एक म्हातारे आजोबा आलते, धोतर, फेटा, चांगले जाणते दिसत होते. बराच वेळ बघत राहिले आन् मान डोलावून म्हणले, "अशी रीत आता कुटं राहिली न्हाई बघा. लई जुनी दिसती ही."

"व्हय की," काशीमावशी म्हणली, पापणी सुद्धा न हलवता. "माझ्या आजेसासूच्या बी आधीपासनं."

मी पदर तोंडात धरला, श्वास धरला, आन् गाठ आवळली.